काळा तवा कुणी बदलत का नाही?

प्रिय बेटा,

आजीच्या गावात सगळ्यांच्या घरी तवा काळाच असतो, तो कुणी बदलत कसा नाही, असं तू विचारलंस. बदलावा लागत नाही म्हणून. तिकडे भांडं घेताना आधी हे बघतात, की बिघडलं तर नीट करता येईल का.

तव्यावरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे. तापून तापून लोखंडावर घट्ट बसलेलं तेल आहे ते, म्हणून भाकर चिकटत नाही. थर गेला तर पुन्हा बसवता येतो. नॉन-स्टिकचा लेप साधारण २६० अंशांपुढे खराब होऊ लागतो आणि भाकरीसाठी कोरडा तापवलेला तवा तिथवर सहज पोचतो. लेप उडाला की भांडं गेलं.

तुझ्या खोलीसाठी पहिल्यांदा तवाच घे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, किंवा तीन-चार मिलिमीटर जाड लोखंडी, आणि बूड सपाट हवं. चुलीवरचा खोलगट तवा इंडक्शनवर नीट तापत नाही. गरम पाणी आणि साबणाने कारखान्याचं तेल घासून काढ, शेगडीवर पूर्ण वाळव. मग जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब चोळ आणि तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत कोरड्या फडक्याने पूस. खिडकी उघड, धूर येऊन थांबेपर्यंत तापव, निवू दे, पुन्हा लाव. असं चार-पाचदा. बहुतेकांचं चुकतं ते पुसण्यात. जास्तीचं तेल धड वाळत नाही, तवा चिकट होतो, पुढे पापुद्रे निघतात. आणि बीड तापलेलं असताना गार पाणी ओतू नकोस, तडकेल.

लोखंडी कढईत बेसन कर, वांगं कर. अंबाडीची भाजी मात्र नको. तिच्या आंबटपणाने लोखंड भाजीत उतरतं, भाजी काळी पडते आणि कढईचा थरही जातो. तिच्यासाठी स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं. पण पातळ स्टीलमध्ये आच पसरत नाही, मधोमध करपतं नि कडेला कच्चं राहतं. म्हणून मध्ये काठापर्यंत ॲल्युमिनियम असलेलं तीन थरांचं घे, महाग पडलं तरी. लोहचुंबक लावून ते इंडक्शनवर चालेल का एवढंच कळतं, स्टीलचा कस कळत नाही.

पितळेवर माझा जीव आहे. भंडाऱ्याची पितळी भांडी नावाजलेली. पितळ वजनावर मिळतं आणि जुनं मोडीत दिलं तर वजनाचे पैसेही येतात. पण आत कल्हई हवी. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो आणि वितळलेलं कथील कापसाने आतून फिरवतो. पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई, तोवर त्यात ताक-चिंच घालायची नाही, कळकतं. रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही, कथील २३२ अंशांनाच वितळतं. इंडक्शनवर पितळ तापत नाही, म्हणून तू आत्ता घेऊ नकोस.

तव्यासोबत सपाट धारेचा लोखंडी सराटा, म्हणजे उलथणं, घे. तवा धुतलास की लगेच आचेवर वाळव आणि तेलाचं बोट फिरवून ठेव.

तुझा बाबा