पिशवीतल्या चहानं खरंच हार्ट अटॅक येतो का?

तुम्ही विचारलंय, 'पिशवीतला चहा पिणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका साडेचारपट' असा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरतोय. वडिलांना मागच्या वर्षी स्टेंट टाकलाय आणि शेतात रोज प्लास्टिकच्या पिशवीतलाच चहा जातो. मग खरं काय?

मी परभणीकडचा, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. हाच मेसेज मला मेव्हण्यानं पाठवला होता, खाली तीन हात जोडलेले.

आकडा मात्र हवेतला नाही. मार्च 2024 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला. मानेतली रक्तवाहिनी चरबीच्या थरानं अरुंद झालेल्या रुग्णांचा थर ऑपरेशननं काढून त्यांनी तपासला. 257 पैकी 150 जणांच्या थरात पॉलिथिन, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक, सापडलं, 31 जणांच्या थरात पीव्हीसी हे पाइपांचं प्लास्टिकही. मग सुमारे 34 महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. प्लास्टिक सापडलेल्या 150 पैकी 30 जणांना हार्ट अटॅक किंवा लकवा आला, नाहीतर ते दगावले. न सापडलेल्या 107 मध्ये असे 8 निघाले. वय, शुगर वगैरेचा हिशेब लावल्यावर हा फरक साडेचारपट भरला.

पण त्यात चहाचा विषयच नाही! कोण कशातून काय पितो, हे कुणी मोजलं नव्हतं. सगळे आधीच ऑपरेशनपर्यंत पोचलेले रुग्ण. प्लास्टिकमुळेच हे झालं, असं संशोधकही म्हणत नाहीत. मला स्वतःला आणखी एक खडा लागतो. अशा तपासणीत नमुना खूप तापवून मोडतात आणि तुकड्यांवरून प्लास्टिक ओळखतात. पॉलिथिन म्हणजे कार्बन-हायड्रोजनची लांबच लांब साखळी, आणि चरबीचं शेपूटही तसलंच. तापवल्यावर दोघांचे तुकडे एकसारखे दिसू शकतात, आणि इथं नमुनाच चरबीचा. तरी सूक्ष्मदर्शकाखाली वेड्यावाकड्या कडांचे परके कणही दिसले होते, त्यामुळे सगळं उडवून लावता येत नाही.

म्हणून पिशवी बंदच करा. उकळता चहा, वर गच्च रबर, बांधावर पोचेपर्यंत अर्धा तास. किटली नाहीतर स्टीलचा डबा द्या. कागदी कपावर मात्र भरवसा नको, त्याला आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात अशा कपातल्या 100 मिली गरम पाण्यात 15 मिनिटांत सुमारे 25,000 कण उतरले होते.

आता तुम्ही न विचारलेलं. रिकामी झालेली पिशवी जाते कुठं? आमच्याकडं चुलीत. पऱ्हाट्या ओल्या असल्या की काकू खाली पिशवी सारते. ती मेणबत्तीसारखी वितळत टपटप गळते आणि चूल झटक्यात पेटते. मग तासभर काकू त्या धुरात. चहातल्या कणांबद्दल अजून वाद आहे, धुराबद्दल नाही. धुरातले अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण फुप्फुसात खोल उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात, रक्त गोठायला मदत करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2020 मध्ये घरातल्या धुरानं जगात 32 लाख माणसं गेली. त्यातली जवळपास एक तृतीयांश हृदयविकारानं. पण हे फॉरवर्ड करायला कुणाला मजा येत नाही. वडील सकाळी चुलीपुढं शेकत बसत असतील, तर चहाच्या आधी ते सोडवा.

मला आलेल्या मेसेजच्या शेवटी एक काढा होता, 'आठ दिवसांत नसांतलं प्लास्टिक धुऊन निघतं, गोळ्यांची गरज नाही'. तुमच्या मेसेजमध्येही तो असेल, तर वडिलांना तेवढं वाचू देऊ नका. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनानं बंद केल्या की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. गोळी कधी थांबवायची, ते स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.