दात्याच्या टी-पेशींना 'लस' म्हणावं का?

एका वाचकाचा प्रश्न: अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर सायटोमेगॅलोव्हायरसचा (एरवी शरीरात सुप्त राहणाऱ्या एका विषाणूचा) संसर्ग उसळलेल्या रुग्णाला दात्याच्या टी-पेशी (विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) दिल्या, तर 'दात्याची लस दिली' असं मराठीत चालेल का?

नाही चालणार. लस शरीराला विषाणूची ओळख करून देते. प्रतिकार शरीरालाच उभा करावा लागतो. या रुग्णाचं नेमकं तिथेच अडतं. नवी मज्जा रुजल्यावरही कित्येक महिने त्याच्याकडे पुरेशा टी-पेशी नसतात, त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू. शिकवायचं कुणाला? म्हणून दात्याच्या रक्तातून तो विषाणू आधीच ओळखणाऱ्या टी-पेशी वेचतात, बऱ्याचदा प्रयोगशाळेत वाढवतात आणि शिरेतून देतात. सिएटलच्या संशोधकांनी 1992 साली याच विषाणूविरुद्ध हे करून दाखवलं.

तरी 'लस' हा शब्द सुचला यात वावगं काही नाही. जखमेतून 'लस गळते' म्हणतो, तीच ही लस: फोडातलं पातळ, चिकट पाणी. भारतातली देवीची पहिली लस 1802 साली मुंबईत टोचली गेली. त्या काळी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडात घालत. लसीका (लसवाहिन्यांतून वाहणारा पातळ द्रव, लिम्फ), लसीका पेशी (लिम्फोसाइट) हे शब्दही याच गोतातले, आणि टी-पेशी ही लसीका पेशीच. म्हणजे गोत्र एक, काम वेगळं.

क्रियापदही 'टोचणे' नको. वॉर्डात रक्त चढवतात, प्लेटलेट चढवतात. तशाच पेशी 'चढवल्या' म्हणावं, घरच्यांना लगेच कळतं. 'विषाणूविशिष्ट टी-पेशी' हे नाव शास्त्रीय लेखात ठीक आहे. रुग्णासाठीच्या पत्रकात मी 'विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी' असंच लिहीन.

खरी काळजी 'दाता' या शब्दाची घ्यायला हवी. एपस्टाइन-बार विषाणूमुळे प्रत्यारोपणानंतर लसीका पेशी बेसुमार वाढण्याचा एक आजार होतो. त्यावरच्या टॅबेलेक्ल्युसेल या उपचाराला युरोपात डिसेंबर 2022 मध्ये मान्यता मिळाली. त्यातल्या पेशी रुग्णाच्या नसतात, त्याला मज्जा किंवा अवयव देणाऱ्याच्याही नसतात. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या जुळणीच्या खुणा, पाहून निवडलेल्या, तिसऱ्याच माणसाच्या असतात. तिथे नुसतं 'दात्याच्या पेशी' लिहिलं, तर मज्जा देणाऱ्या भावाला वाटेल की आता पुन्हा आपल्यालाच बोलावणार. त्यापेक्षा 'मज्जादाता' आणि 'पेशीदाता' असे दोन शब्द पहिल्या ओळीपासून वेगळे ठेवावेत.