24 ब्रिक्सचा रस 8 वर अडकला, म्हणजे आंबणं थांबलं का?

बहुधा नाही. उलट तुमची वाइन होत आली असावी, आणखी यीस्ट टाकायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये घरी वाइन करताना द्राक्षाचा रस सुरुवातीला 24 ब्रिक्स भरला आणि आता 15 दिवस झाले तरी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स वाचायचं उपकरण, 8 च्या खाली येत नाही. मी दिंडोरीकडे एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करतो. नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या हंगामात हाच प्रश्न पडतो.

100 ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर विरघळली आहे, तो आकडा म्हणजे ब्रिक्स. आडॉल्फ ब्रिक्स या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन गणितज्ञाचं हे नाव. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे ते पिकायला लागले, की आमच्याकडे बागेत रोज एकच विचारणा, "ब्रिक्स किती आला?" घडाच्या खांद्याचे मणी जास्त गोड, शेंड्याचे कमी, म्हणून वेगवेगळ्या ओळींतले शंभरेक मणी एकत्र चुरडून रस काढतो. आकड्याला साधारण 0.55 ते 0.6 ने गुणलं की होणाऱ्या अल्कोहोलची टक्केवारी मिळते. तुमच्या 24 चे 13 ते 14 टक्के होतील.

आता तुमचा 8. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजतच नाही. काचेवर थेंब टाकून झाकण मिटलं की निळं आणि पांढरं जिथे मिळतं ती रेघ आपण वाचतो. प्रकाश किती वाकला, एवढंच ती सांगते. ताज्या रसात तो मुख्यतः साखरेमुळे वाकतो. पण अल्कोहोलही प्रकाशाला पाण्यापेक्षा जास्त वाकवतं, त्यामुळे साखर संपली तरी रेघ शून्यावर जात नाही. 24 पासून निघालेली कोरडी, म्हणजे साखर संपलेली, वाइन या मीटरवर 8 च्या आसपासच थांबते.

हायड्रोमीटर घ्या. तो पाण्याची घनता 1.000 धरून घनता मोजतो आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्यामुळे तयार वाइनमध्ये 1.000 च्या खाली, 0.995 च्या जवळपास उतरतो. नळीत ओतण्याआधी वाइन चांगली हलवून गॅस जाऊ द्या, नाहीतर बुडबुडे मीटरला वर उचलून धरतात. सलग तीन दिवस तोच आकडा आला, तर आंबणं पूर्ण झालं. तो 1.010 वर अडकला असेल, तर मात्र मला पुन्हा लिहा आणि खोलीचं तापमान नक्की कळवा.