‘कुणाला सांगू नका हं, बाई’

प्रश्न : ताई, मी आठवीला शिकवते. माझ्या वर्गातली १४ वर्षांची एक मुलगी दोन महिन्यांत पार बदलली आहे. हातात नवा फोन, तासाला पेंगणं, मैत्रिणींशी बोलणं बंद. परवा म्हणाली, ओळखीचा एक ‘दादा’ तिला दुसऱ्या शहरात कामाला लावणार आहे. ती खुशीने जायला निघाली आहे. कुणाला सांगणार नाही, असं वचन तिने माझ्याकडून घेतलं आहे. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, सांगायलाच हवं, आणि आजच. पण आधी तिला सांगा.

तिला बाजूला घ्या आणि म्हणा, ‘वचन दिलं ते माझं चुकलं. मला तुझी काळजी वाटते, म्हणून हे मी मनात ठेवणार नाही. कुणाकडे जाणार आहे, ते तुला सांगूनच जाते.’ ती चिडेल, अबोला धरेल. तरी ही पायरी गाळू नका. मी एकदा गाळली होती. या कामातलं माझं दुसरंच वर्ष होतं. एका मुलीने विश्वासाने सांगितलेलं मी तिच्या अपरोक्ष वरिष्ठांना कळवलं. ती सुटली, पण जबाबाच्या वेळी माझ्याकडे पाठ करून बसली. ‘तुम्हीपण तसल्याच,’ एवढंच म्हणाली. मला अजून ते ऐकू येतं.

आता तिची ‘खुशी’. संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे मानवी तस्करी रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार, याबाबत स्पष्ट आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला शोषणासाठी नेलं किंवा ठेवून घेतलं, की ती मानवी तस्करीच. तिथे मुलाची संमती धरत नाहीत, आणि फसवणूक किंवा जबरदस्ती झाली होती हेही दाखवावं लागत नाही. पण हे कलम तिला ऐकवू नका. आपल्याला कुणीतरी मानतंय, हे तिला खरंच वाटतंय. त्या माणसाने नेमकं तेच हेरलं आहे. आज भेट म्हणून आलेला फोन उद्या उधारी होतो : ‘एवढा खर्च केला तुझ्यावर, आता फेड.’ फोन काढून घेऊ नका. त्यातले मेसेज पुरावा आहेत, आणि फोन अचानक बंद झाला की तो माणूस सावध होतो.

चौकशी करू नका. ‘त्याने तुला हात लावला का?’ असं विचारलं, की तुमचे शब्द तिच्या तोंडी जातात आणि पुढे तिचाच जबाब कच्चा पडतो. ‘मग काय झालं?’ इतकं पुरे. ती बोलली ते त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. तुमचा अंदाज वेगळा लिहा.

मुख्याध्यापकांना सांगा, पण तिथे थांबू नका. बालसंरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत गेलं का, ते स्वतः विचारा. नसेल तर तुम्हीच कळवा. घरच्यांशी तुम्ही परस्पर बोलू नका. कधी कधी सौदा घरातूनच ठरलेला असतो. त्या ‘दादा’ला तर मुळीच गाठू नका.

निघण्याचा दिवस तिच्या बोलण्यात आला, तर थेट पोलिसांना फोन करा. आणि उद्या हजेरीला ती नसेल, तर ‘येईल परवा’ म्हणून थांबू नका. त्याच तासाला कळवा.