काकींची कोथळी, खानाचा कोथळा

प्रश्न : आमच्या शेजारच्या गुजराती काकी परवा माझ्या मुलाला म्हणाल्या, "बेटा, पेली कोथळी लाव." तो चौथीत आहे, अफजलखानाचा धडा नुकताच झालाय. घाबरून घरी पळत आला. त्यांची कोथळी आणि आपला कोथळा एकच का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : एकच. काकींना भाजीची पिशवी हवी होती एवढंच मुलाला सांगा.

गुजरातीत कोथळो म्हणजे पोतं आणि कोथळी म्हणजे पिशवी. आपण दुधाची पिशवी म्हणतो, ते दूधनी कोथळी म्हणतात. तिकडच्या शाळेत पोत्यात पाय घालून पळायची शर्यत म्हणजे कोथळादोड! मराठीतही कोथळा मुळात थैलाच. माझ्या आजीच्या तोंडी 'कोथळी' होती : पैशांची, लांबट, कमरेला बांधायची. पुढे मोठ्या मापाचं काम पोतं आणि गोणीने घेतलं, लहान मापाचं पिशवीने, आणि थैला म्हणून कोथळा मागे पडला. उरला तो पोटाच्या अर्थाने, आणि तोही पोट फाडण्यापुरता. डॉक्टरांना कुणी "कोथळा दुखतोय" म्हणत नाही. माणसाला असतं ते पोट. बाहेर येतो तो कोथळा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे झालं, त्याच्या वर्णनातून हा शब्द घराघरांत टिकला.

पोटाला थैली म्हणणं आपलीच खोड नाही. इंग्रजी 'बेली' हाही जुन्या इंग्रजीत पिशवीचाच शब्द होता. संस्कृत कोष्ठ म्हणजे कोठार आणि पोटही. बद्धकोष्ठ झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे कोथळा कोष्ठावरूनच आला, असं अनेकजण ठासून सांगतात. मला ते पटत नाही. ष्ठचा मराठीत ठ होतो : कोष्ठचा कोठा, पृष्ठची पाठ. मग कोठळा व्हायला हवा होता, थ आला कुठून? प्राकृतात 'कोत्थल' हा थैलीचा शब्द थ घेऊनच उभा आहे. प्राकृत कोशांत तो देशी म्हणून नोंदवलाय, म्हणजे संस्कृतातून सरळ न काढता येणारा. गुजराती आणि मराठी दोघींचं आजोळ ते.

पिशवीचं मूळ मात्र संस्कृतात सापडतं. प्रसेव म्हणजे थैली. त्यातला सिव् धातू शिवण्याचा. पिशवी म्हणजे शिवलेली. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका शोधू नका.

जाता जाता, काकींना "कोथळामांथी बिलाडुं नीकळ्युं" याचा अर्थ विचारा. भलतंच काही उघडकीला आलं की गुजराती माणूस असं म्हणतो : पोत्यातून मांजर निघालं. मुलाला ऐकवणार असाल, तर मांजर जिवंत निघतं हे आधी सांगा.