फोटो, जन्मतारीख आणि ‘प्लेस : नागपूर’

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. वेकोलितून, म्हणजे इथल्या सरकारी कोळसा कंपनीतून, रिटायर झालेले, स्वभावाने मोकळे. मुलीला बाहेर बसवून आधी स्वतः आत आले आणि म्हणाले, “मॅडम, पोरगी कॅनडाहून आली तेव्हापासून कोणाशीच धड बोलून नाही राहिली. फराळाला पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. रात्री तीन-तीन वाजता उठून लॅपटॉप उघडते. तुम्ही बघा जरा.”

नागपुरात रात्रीचे तीन म्हणजे टोरांटोकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ व्हायला आलेली. तिकडची ऑफिसं बंद व्हायच्या आधी एखादी मेल आली का, हे ती बघत होती.

तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. कारण हीच काळजी घेऊन गेल्या काही वर्षांत माझ्याकडे बरेच जण आले. कोणी स्वतः येतं, कोणाचे आईवडील येतात. प्रश्न एकच असतो : इथे इतकी वर्षं काम केलं, तिकडे ते शून्य कसं झालं?

ती तेहेतीस वर्षांची. नागपूरच्या एलआयटी कॉलेजातून फूड टेक्नॉलॉजी केलेलं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका नमकीनच्या कारखान्यात आठ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होती. नवऱ्यासोबत पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, मिळाली आणि दोघं टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला गेले. नवऱ्याला सॉफ्टवेअरमध्ये तीन महिन्यांत काम मिळालं. हिने नऊ महिन्यांत एकशे चाळीस अर्ज केले. फोन आले दोन. त्यातल्या एकाने पहिल्याच मिनिटात विचारलं, “कॅनेडियन एक्सपिरियन्स किती?” नाही म्हटल्यावर त्याने आभार मानून फोन ठेवला. मधल्या काळात घरखर्चाला हातभार म्हणून ती एका कॉफीच्या दुकानात पहाटेच्या पाळीला जात होती. माहेरी हे कोणालाच माहीत नव्हतं. फराळाला आलेल्या आत्याने विचारलं, “तिकडे काय करतेस गं?” ती म्हणाली, “घरूनच काम आहे.” त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत.

“मॅडम, मी तिथे कोणीच नाही आहे,” ती म्हणाली. “एलआयटी कोणाला माहीत नाही, हिंगणा कोणाला माहीत नाही. कधी कधी वाटतं, मलाच काही येत नव्हतं की काय इतकी वर्षं.”

पहिली भेट मी तिची झोप, तिचं रडणं, आत्याला सांगितलेलं खोटं यावरच घालवली. ते आवश्यकही होतं. पण ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की जे एकशे चाळीस वेळा पाठवलं गेलं, तो कागद मी पाहिलाच नाही. माणूस “मला कोणी विचारत नाही” म्हणतो तेव्हा आपण लगेच त्याच्या मनाकडे वळतो. कित्येकदा आधी त्याने काय पाठवलं ते बघायला हवं.

दुसऱ्या भेटीला ती प्रिंट घेऊन आली. चार पानं. उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट साइझ फोटो. त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित, धर्म, राष्ट्रीयत्व, माहीत असलेल्या भाषा. वर ‘ऑब्जेक्टिव्ह’मध्ये आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा. दहावी-बारावीच्या टक्केवारीसकट शिक्षणाचा तक्ता. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल. छंद : वाचन, संगीत. शेवटी ‘आय हिअरबाय डिक्लेअर’, मग ‘प्लेस : नागपूर’ आणि सही.

यात तिची काहीच चूक नव्हती. आपल्याकडे नोकरीचा बायोडेटा असाच असतो, आणि तो लग्नाच्या बायोडेट्याचा सख्खा भाऊ आहे : घर कोणतं, शिक्षण किती, मुलगी कशी. कॅनडात मालकाला वय, धर्म, लग्न, मूळ देश यांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे फोटो आणि जन्मतारीख असलेला कागद हातात आला की तिथला माणूस अवघडतो. जे बघायचं नाही तेच तुम्ही त्याच्यापुढे ठेवलेलं असतं. शिवाय बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. तक्ते, दोन रकाने, चित्रं असली की त्याचा गोंधळ होऊ शकतो.

पण फोटो आणि वडिलांचं नाव काढणं हे दहा मिनिटांचं काम. खरी अडचण तिसऱ्या पानावर होती. आठ वर्षांच्या नोकरीखाली एक ओळ : ‘रिस्पॉन्सिबल फॉर ऑल क्वालिटी कंट्रोल ॲक्टिव्हिटीज.’ बस.

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “सकाळी कारखान्यात गेलीस की सगळ्यात आधी काय करायचीस?”

“बांगड्या, कानातलं काढायचं. टोपी, एप्रन, हात धुवायचे. मग मेटल डिटेक्टर.”

“म्हणजे?”

मग ती सांगायला लागली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खुलला. भरलेली पाकिटं पट्ट्यावरून डिटेक्टरखालून जातात. मशीन ठीक आहे की नाही हे बघायला तीन तुकडे असतात, एक लोखंडाचा, एक पितळेचा, एक स्टेनलेस स्टीलचा. दर तासाला तिन्ही तुकडे पाकिटासोबत सोडायचे. मशीनने तिन्ही वेळा पाकीट बाहेर फेकलं पाहिजे. एक जरी तुकडा सुटला, तर मागच्या चांगल्या तपासणीपासून निघालेला सगळा माल अडवायचा आणि पुन्हा तपासायचा. मग कढईचं तेल. तेल किती तळून थकलंय ते मोजायचं. आपल्याकडे टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात तयार होणारे घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, 2018 पासून तसा नियमच आहे. “पण मी बावीसलाच बदलायला लावायची,” ती म्हणाली. “प्रॉडक्शनवाले चिडायचे.”

एका रात्रपाळीची गोष्ट तिने सांगितली. गाडी दारात उभी, माल निघायला तयार, आणि स्टीलचा तुकडा सुटला. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, “एक तुकडा सुटला तर काय होते? गाडी जाऊ दे.” हिने लाइन थांबवली. तासाभराचा माल अडवला. तो पुन्हा तपासला, शेवटी मशीनची संवेदनशीलताच कोणीतरी कमी करून ठेवलेली सापडली. दुसऱ्या दिवसापासून त्या सेटिंगला पासवर्ड लागला, आणि तो दोघांकडेच राहिला.

“हे लिहिलंस कुठे?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “हे तर रोजचंच काम आहे मॅडम. यात लिहायचं काय?”

मला वाटतं सगळं इथेच अडतं. आपल्याला पदवी आणि हुद्दा सांगायची सवय असते, काम सांगायची नाही. काम सांगणं म्हणजे बढाई, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. बोलतानाही ती ‘आम्ही लाइन थांबवली’ म्हणत होती. मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण? थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “मीच होती त्या रात्री.” मग लिही, मी थांबवली. रेझ्युमेत ‘मी’ लिहीत नाहीत, पण क्रियापद तुझं असू दे.

नागपुरात हुद्दा चालून जातो, कारण समोरच्याला एलआयटी माहीत असतं, कंपनी माहीत असते, कधीकधी वडीलही माहीत असतात. बाकीचं तो मनातल्या मनात भरून घेतो. ब्रॅम्प्टनचा माणूस काहीच भरून घेऊ शकत नाही. त्याला ती रात्र कागदावरच दिसायला हवी. नव्या देशात हुद्द्याला वजन नसतं. काम मात्र तपशिलात सांगितलं की ओळखू येतं.

आणि तिचं काम तर दोन्हीकडे एकाच भाषेत चालतं. ती ज्या पद्धतीने काम करायची, त्या हॅसपची (अन्नातला धोका आधीच ओळखून रोखायच्या पद्धतीची) सुरुवात 1960च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या जेवणासाठी झाली, आणि आज ती जगभरच्या अन्न कारखान्यांत आहे. कॅनडात 15 जानेवारी 2019 पासून लागू झालेले अन्नसुरक्षेचे नियमही त्याच विचारावर उभे आहेत : धोका कुठे आहे ते आधी शोधा, तिथे नियंत्रण ठेवा, नोंद ठेवा. मेटल डिटेक्टरला हिंगण्यात ‘क्रिटिकल कंट्रोल पॉइंट’ म्हणतात आणि ब्रॅम्प्टनलाही तेच म्हणतात. हा शब्द तिच्या चार पानांत एकदाही नव्हता. ज्या जाहिरातींना तिने अर्ज केले होते त्यातल्या पाच आम्ही उघडून बघितल्या. पाचांतही होता.

तिसऱ्या आणि चौथ्या भेटीत आम्ही चार पानांची दोन केली. त्या रात्रीची ओळ अशी झाली : धातुशोधक यंत्राची तासागणिक चाचणी, चाचणी फसल्यावर उत्पादन थांबवून तासाभराचा माल रोखला व पुन्हा तपासला, मूळ कारण शोधून सेटिंगवर नियंत्रण आणलं. आकडे हवेत म्हणून मी विचारलं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी कमी झाल्या का? झाल्या, पण किती ते आठवेना. मी अंदाज टाकू दिला नाही. तिने जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. महिन्याला सहा-सातवरून दोनवर आल्या होत्या. तेवढंच लिहिलं.

बारीकसारीक गोष्टी बऱ्याच निघाल्या. ‘5 लाख पॅकेट्स’ तिकडे कोणाला कळत नाही, पाचावर पाच शून्यं लिहावी लागतात. 68 टक्के आपल्याकडे फर्स्ट क्लास, तिकडे वाचणाऱ्याला ते बेताचे गुण वाटू शकतात, म्हणून टक्के काढले. परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएस या संस्थेचं मूल्यांकन पीआरच्या वेळी करून घेतलेलं होतंच, म्हणून पदवीपुढे ‘कॅनडातल्या बॅचलर्स पदवीशी समकक्ष’ एवढं लिहिलं. ‘पास्ड आउट’ म्हणजे तिकडे बेशुद्ध पडणं. ‘शिफ्ट इनचार्ज’चं ‘शिफ्ट सुपरवायझर’ केलं. 04/05 लिहिलं तर एप्रिल की मे हे कळत नाही, म्हणून महिना अक्षरात. पत्ता म्हणजे फक्त शहर आणि प्रांत. सोशल इन्शुरन्स नंबर तर रेझ्युमेवर कधीच नाही, तो नोकरी लागल्यावर द्यायचा.

एक गोष्ट मात्र मला जोर देऊन सांगावी लागली. तिकडच्या एका नातेवाइकाने सुचवलं होतं की माझ्या ओळखीच्या वेअरहाऊसचं नाव टाक, दोन वर्षं काम केलं म्हण, फोन आला तर मी सांभाळून घेईन. ती जवळजवळ तयार झाली होती. मी तिला एवढंच विचारलं, “ज्या बाईने गाडी दारात असताना माल अडवला, ती आता स्वतःच्या नावाने असं लिहिणार?” ती रडली. मला तिला दुखवायचं नव्हतं, पण तो विषय तिथे संपला. छोट्या कामांसाठी डिग्री लपवा, असाही सल्ला कोणी कोणी देतं; तो मात्र मी सरसकट वाईट म्हणत नाही. पोटापाण्याच्या कामासाठी एक पानाचा साधा रेझ्युमे वेगळा ठेवावा. त्यात सगळं सांगायलाच हवं असं नाही, फक्त जे सांगाल ते खरं असावं.

मग कॉफीच्या दुकानाचा प्रश्न आला. ती म्हणाली, ते तर नाहीच लिहायचं. मी म्हटलं, तेच तुझं कॅनेडियन एक्सपिरियन्स. सात महिने पहाटे वेळेवर हजर, तिथलं फूड हँडलरचं प्रमाणपत्र घेतलेलं, फ्रीजच्या तापमानाची नोंद तूच ठेवायचीस. आणि मुख्य म्हणजे तिथली सुपरवायझर बाई तुझ्याविषयी फोनवर दोन शब्द बोलेल. दोन ओळी लिहिल्या, कारखान्याच्या वर, कारण ताजं काम आधी लिहायचं असतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने वडिलांना कॉफीच्या दुकानाबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, “पहाटे किती वाजता जातेस? थंडी नाही का वाजत?” बाकी काही नाही.

त्या ‘कॅनेडियन एक्सपिरियन्स’बद्दलही सांगायला हवं. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने 2013मध्येच धोरण काढून म्हटलं होतं की सरसकट अशी अट घालणं हा प्रथमदर्शनी भेदभाव ठरतो. आता 1 जानेवारी 2026 पासून त्या प्रांतात 25 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकांना जाहिरातीत ही अट घालता येत नाही. फोनवर कोणी विचारणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण विचारलं तर गप्प बसू नका. “मी हे काम हॅसपच्या पद्धतीने आठ वर्षं केलं आहे, सांगू का कसं?” हे वाक्य ती माझ्यासमोर दहा वेळा बोलली. आणि पीआर असलेल्यांसाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या सेटलमेंट संस्था, म्हणजे नव्याने आलेल्यांना स्थिरावायला मदत करणाऱ्या संस्था, तिथे फुकट मदत करतात. नऊ महिन्यांत ती एकीतही गेली नव्हती, लाज वाटायची म्हणून.

परत गेल्यावर तिने सव्वा महिन्यात बावीस अर्ज केले, प्रत्येक जाहिरात वाचून ओळी पुढेमागे करून. चार फोन आले, दोन मुलाखती झाल्या. एका बेकरीच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला क्वालिटी टेक्निशियन म्हणून लागली. हिंगण्यात तिच्या हाताखाली पाच जण होते, इथे ती कोणाच्या तरी हाताखाली. याचं तिला वाईट वाटतं आणि ते आम्ही दोघींनीही लपवलं नाही. त्यावर अजून बोलणं चालू आहे, व्हिडिओ कॉलवर, महिन्यातून एकदा.

मुलाखतीत त्यांनी तिला एक प्रश्न विचारला होता : कधी उत्पादन थांबवलं आहेस का?

गेल्या महिन्यात दिवसपाळीच्या वरच्या जागेसाठी ती रेझ्युमे नवा करत होती. तिने विचारलं, “मॅडम, आता ते कॉफीचं काढून टाकू का?”

मी म्हटलं, तुला काय वाटतं?

थोडा वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाली, “राहू दे. बेकरीवाल्यांनी पहिला फोन त्याच बाईला केला होता.”