वाचकांचे प्रश्न : बाबांची पावसाची वही

प्रश्न : आमचं वावर दारव्हा तालुक्यात. बाबा 1989 पासून पर्जन्यमापकातला पाऊस वहीत लिहायचे, 2013 पासून मी लिहितो. मृगाचा पाऊस पहिल्यासारखा राह्यला नाही, हे या वहीवरून सांगता येईल का? काका म्हणतात, 'बाप्पा, पहिलेही असंच होतं.'

उत्तर : आधी पानापानाचे फोटो काढा. माझी एक वही वाळवीनं खाल्ली आहे.

आता सांगा, मापक एवढी वर्षं एकाच जागी आहे का? हे विचारतो, कारण मी स्वतः फसलो. गोठ्याच्या भिंतीवर माझा तापमापक टांगलेला होता. एका वर्षी कवेलू काढून टिनं टाकली आणि पुढच्या उन्हाळ्यात पारा दोनेक अंश वर! हवामान बदललं म्हणून मी गावभर सांगत फिरलो. बदललं होतं छप्पर. वेधशाळेत तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, पेटीचं दारही उत्तरेला, ऊन आत शिरू नये म्हणून. मी टिनाचा ताप मोजत बसलो होतो.

पावसाचंही तसंच. 1989 मध्ये कमरेएवढा असलेला कडुनिंब आज मापकावर झुकला असेल, तर त्यानं अडवलेला पाऊस तुमच्या वहीत 'कमी पाऊस' म्हणून लागतो. झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं. झाड कधी वाढलं, मापक कधी हलवला, तेही लिहून ठेवा.

बाबा सकाळी साडेआठला मोजून त्याच तारखेपुढे लिहायचे की आदल्या दिवसापुढे? तुमची रीत वेगळी असेल तर 2013 ला आकडे एक दिवस सरकतात. आणि कोरड्या दिवशी शून्य लिहिलंय की जागा मोकळी? मोकळी जागा म्हणजे पाऊस नव्हता, की बाबा लग्नाला गेले होते? घरी विचारा. माझ्या मते हे सगळ्यात किचकट काम.

एवढं झालं की 1991 ते 2020 ही तीस वर्षं घ्या. सरासरीसाठी जगभर हाच काळ धरतात. पहिली पाच वर्षं नि शेवटची पाच अशी तुलना करू नका, एखादं दुष्काळी साल सगळं बिघडवतं. नुसती बेरीजही नको. मृगात 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस किती आणि सलग कोरडी ओढ किती दिवसांची, हे दर वर्षाचं मांडा. बेरीज तेवढीच राहून पाऊस दोन दिवसांत कोसळला, तर पऱ्हाटीला त्याचा काय उपयोग?

काकांना लगेच खोटं ठरवू नका. विदर्भात पाऊस दर वर्षी खालीवर होतोच. मात्र हवामान खात्यानं 2020 मध्ये मान्सूनच्या आगमनाच्या तारखा बदलल्या. जुन्या 1901 ते 1940 च्या नोंदींवर होत्या, नव्या 1961 ते 2019 च्या. महाराष्ट्रासाठी त्या काही दिवस पुढे गेल्या आहेत.

काकांना दुबार पेरणीची सालं आठवत असतील तर वहीच्या समासात लिहून घ्या. पेन्सिलीनं.